पेढे कोण आणून देतं?
वंध्यत्व उपचार केंद्रातले कर्मचारी स्वतःच्या सेवेकडे कसे पाहतात

आजचा विषय एका शब्दाचा आहे, 'रुग्णकेंद्री सेवा'. आणि हा शब्द आपण एकाच ठिकाणी तपासणार आहोत, वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या केंद्रात, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण सगळे सरळ 'आयव्हीएफ सेंटर' म्हणतो तिथं. पेशंटला तिथं कसं वाटतं, यावर पुष्कळ बोललं जातं. आज प्रश्न उलटा घेऊ. तिथं काम करणारी माणसं, म्हणजे डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळेतले एम्ब्रिऑलॉजिस्ट, समुपदेशक, काउंटरवर बसणारी मुलगी, यांना स्वतःची सेवा कशी वाटते? आणि त्यांना वाटतं त्यावर किती विसंबायचं?

शब्दाचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. एनिड बॅलिंट यांनी 1969 साली 'रुग्णकेंद्री वैद्यक' हा शब्दप्रयोग लेखात वापरला. तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: आजाराकडे बघताना माणसाकडेही बघा. पुढे अमेरिकेत पिकर इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी तो रुग्णालयाच्या व्यवस्थेला लावला, आणि 2001 मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने चांगल्या आरोग्यसेवेची जी सहा उद्दिष्टं सांगितली, त्यात हे एक आलं. म्हणजे तीसेक वर्षांत एका विचाराचं निकषात रूपांतर झालं. आणि निकष म्हटला की मोजणं आलंच.

आता मूळ मुद्द्याकडे. नेदरलँड्समधलं नायमेखन नावाचं शहर आहे. तिथल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात यान क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्यत्वसेवेतली रुग्णकेंद्रितता मोजायचं काम बरीच वर्षं केलं. 2010 मध्ये वान एम्पेल आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सात बाजू आहेत: सेवा सहज मिळते का, माहिती, संवाद, निर्णयात सहभाग, पेशंटच्या मूल्यांचा मान, सातत्य आणि कर्मचाऱ्यांची कुशलता. मग 2011 मध्ये याच गटातल्या आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 'ह्युमन रिप्रॉडक्शन' या नियतकालिकात एक निबंध दिला. तो आज आपला मुख्य मजकूर. त्यांनी केंद्रांतल्या पेशंटांचा अनुभव तर विचारलाच, पण तिथल्या कर्मचाऱ्यांनाही विचारलं की तुमच्या पेशंटांचा अनुभव कसा असेल, अंदाज सांगा. मग दोन्ही शेजारी ठेवलं.

जुळलं नाही. कर्मचाऱ्यांना आपल्या पेशंटांचा अनुभव नीट ओळखता आला नाही. निबंधाचा निष्कर्ष असा की कर्मचाऱ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, पेशंटलाच थेट विचारा.

कुणी म्हणेल, यात नवल ते काय? स्वतःच्या स्वयंपाकाला कोण नावं ठेवतो? पण हे उत्तर आम्हाला फार घाईचं वाटतं. नेदरलँड्सची गोष्ट यासाठीच महत्त्वाची आहे. तिथं मूलभूत आरोग्यविम्यात आयव्हीएफचे तीन प्रयत्न येतात. म्हणजे गिऱ्हाईक सांभाळायचं म्हणून गोड बोलणं, पॅकेज विकणं, असली दडपणं तिथं आपल्या मानानं बरीच कमी. तिथं 'फ्रेया' नावाची पेशंटांची संघटना आहे. नायमेखनच्या केंद्रानं तर 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आयव्हीएफच्या जोडप्यांना आपली वैद्यकीय नोंद इंटरनेटवर उघडून दिली होती. थोडक्यात, जिथं परिस्थिती बरी, हेतू बरा, तिथंही अंदाज चुकला. तेव्हा याचं कारण माणसांच्या आत्मप्रौढीत शोधून भागणार नाही. ते कामाच्या मांडणीतच कुठंतरी असणार.

ते शोधायचं तर उपचाराचं एक चक्र डोळ्यांसमोर आणा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी. मग रोज पोटात इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस, बऱ्याचदा घरी, स्वतःच्या हातानं. मधे मधे पुन्हा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. मग 'ट्रिगर'चं इंजेक्शन, आणि ते ठरलेल्या वेळेलाच घ्यायचं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांच्या सुमारास बीजं काढून घ्यायची असतात. त्यासाठी रात्री गजर लावून बसलेली जोडपी असतात. बीजं काढली, त्याच दिवशी नवऱ्यानं एका छोट्या खोलीत जाऊन नमुना दिला, फलन प्रयोगशाळेत झालं, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडला. आणि मग दोन आठवडे काहीच नाही. वाट बघणं. शेवटी एक रक्ततपासणी आणि एक फोन.

आता या चक्रात कर्मचारी कुठं कुठं आहेत? सोनोग्राफीची दहा मिनिटं डॉक्टरची. इंजेक्शन कसं घ्यायचं हे दाखवायची पंधरा मिनिटं नर्सची. एम्ब्रिऑलॉजिस्टला तर पेशंटचा चेहराही फारसा दिसत नाही, त्याला दिसते ती डिश आणि तिच्यावरचं नाव. प्रत्येकाला विचारा, 'तुम्ही पेशंटशी कसं वागता?' तर प्रत्येक जण आपापली दहा मिनिटं आठवून प्रामाणिकपणे उत्तर देईल, आणि ते उत्तर बहुधा खरंच असेल. पण पेशंटचा अनुभव या दहा-दहा मिनिटांची बेरीज नसतो. तो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडतो. एका डॉक्टरनं सांगितलेला डोस दुसऱ्यानं बदलला, का बदलला हे कुणी सांगितलं नाही. रात्री इंजेक्शनची सुई वाकली आणि केंद्राचा फोन कुणी उचलला नाही. दोन आठवडे वाट बघताना थोडं रक्त दिसलं, आता विचारायचं कुणाला? या जागांमध्ये कर्मचारी हजरच नसतात. जिथं आपण नव्हतो तिथलं मूल्यमापन आपण कसं करणार? प्रश्नावलीच्या सात बाजू पुन्हा बघा. सातत्य आणि 'सेवा सहज मिळते का' या दोन बाजू तर सरळसरळ गैरहजेरीबद्दलच आहेत.

निबंधावरचा आमचा पहिला आक्षेप इथं आहे. लेखक या दरीला माहितीची दरी समजतात: कर्मचाऱ्यांना माहीत नाही, आपण मोजून सांगू, मग ते सुधारतील. आमच्या मते ही दरी माहितीची कमी आणि जागेची जास्त आहे. कर्मचारी जिथं उभे आहेत तिथून काही गोष्टी दिसतच नाहीत. आरशात तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. आरसा आणखी स्वच्छ पुसून ती दिसायला लागत नाही.

दुसरी गोष्ट पेढ्यांची. कुठल्याही केंद्रात जा, भिंतीवर बाळांचे फोटो असतात. आपल्याकडे पेढ्यांचे बॉक्स येतात, बारशाचं आमंत्रण येतं, पहिल्या वाढदिवशी बाळाला घेऊन लोक डॉक्टरांच्या पाया पडायला येतात. कर्मचाऱ्यांच्या मनात स्वतःच्या सेवेचं जे चित्र तयार होतं, ते या पेढ्यांवर तयार होतं. आता आकड्यात बघू. युरोपातल्या नोंदींनुसार गर्भ गर्भाशयात सोडल्यावर साधारण तीनातल्या एका वेळी गर्भधारणा होते. म्हणजे दोन वेळा होत नाही. त्या दोघी पेढे आणत नाहीत. त्या रागवायलाही येत नाहीत, पत्रही लिहीत नाहीत. काही जणी पुन्हा प्रयत्न करतात आणि बाकीच्या नुसत्या यायच्या थांबतात. फाईल कपाटात जाते.

या थांबण्यावर सोफिया गामेरो आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून एक आढावा घेतला. जोडपी उपचार अर्धवट का सोडतात, हा प्रश्न. उत्तरांत शारीरिक आणि मानसिक ताण ठळक आहे, नात्यातल्या अडचणी आहेत, आणि केंद्राशी, त्याच्या व्यवस्थेशी संबंधित कारणंही आहेत. यातली बरीचशी कारणं केंद्राच्या आतून दिसत नाहीत. आत एवढंच दिसतं की 'पेशंट आला नाही'. कर्मचारी याला 'ड्रॉपआउट' म्हणतात. शाळेतून मूल गळलं की आपण जो शब्द वापरतो तोच. आणि शाळेसारखंच इथंही गळतीचं कारण गळणाऱ्यात शोधलं जातं.

शब्दांवरून आठवलं. केंद्रातली भाषा जरा कान देऊन ऐका. बीजं कमी आली तर ती बाई 'पूअर रिस्पॉन्डर'. गर्भ टिकला नाही तर 'इम्प्लांटेशन फेल्युअर'. चक्र थांबवलं तर 'सायकल कॅन्सल'. हे शब्द आपसात बोलायला सोयीचे आहेत, वैद्यकीय पुस्तकातले आहेत, त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण टेबलापलीकडे बसलेल्या बाईला ते 'मी नापास झाले' असेच ऐकू येतात. आणि कर्मचाऱ्याला विचारलं, 'संवाद कसा आहे?' तर तो म्हणेल, 'आम्ही सगळं समजावून सांगतो.' सांगतातही. सांगितलं हे त्याला ठाऊक आहे, पोचलं का हे ठाऊक असायला त्यानं थांबून विचारायला हवं.

आता एक वाक्य घेऊ, जे आपल्याकडच्या केंद्रांत तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: 'आम्ही पेशंटला अगदी घरच्यासारखं वागवतो.' मुंबईत केईएम रुग्णालयात 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचं बाळ जन्मलं, तेव्हापासून आज जिल्ह्याच्या गावापर्यंत ही केंद्रं पोचली आहेत, आणि हे वाक्यही त्यांच्याबरोबर पोचलं आहे. डच प्रश्नावलीत हे वाक्य नाही. आपल्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांच्या आत्मप्रतिमेचा मात्र हा गाभा आहे. बोलणारा मनापासून बोलतो. पण मूल नसलेल्या बाईला घरच्यासारखं म्हणजे कसं, याचा विचार करा. घरी तिला काय विचारतात? 'काही गोड बातमी?' घरी तिला ओटी भरायच्या वेळी मागे बसवतात, न विचारता उपास सांगतात, सासूला सगळं कळतं आणि सासूकडून नणंदेला. आपल्या शरीराबद्दल कुणाला किती सांगायचं हे ठरवायची मुभा घरी तिला सर्वांत कमी आहे. आणि केंद्रात आल्यावर काउंटरवरून भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं 'ताई, तुमच्या मिस्टरांचं सॅम्पल झालं का?' असं विचारलं गेलं, तर ते शब्दशः घरच्यासारखंच झालं! ज्या जोडप्यानं गावाला न सांगता शंभर किलोमीटर लांबचं केंद्र निवडलं, त्यांना आपुलकीइतकाच परकेपणाही हवा असतो. सभ्य, नेमका, गुपित राखणारा परकेपणा. बेल्जियममध्ये लूवेनच्या डान्सेट यांनी पेशंटांशी बोलून रुग्णकेंद्रिततेचे जे दहा पैलू मांडले, त्यात खासगीपणाचा उल्लेख आहे तो उगाच नाही.

आणि त्या 'मिस्टरां'चं काय? बरेचदा दोष त्यांच्या बाजूचा असतो, उपचार मात्र सगळे बायकोच्या अंगावर होतात. नमुना देऊन झाला की त्यांना खुर्ची आणि पाण्याची बाटली. कर्मचारी 'पेशंट' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एकच व्यक्ती असते. मग 'पेशंटकेंद्री' म्हणताना केंद्रात कोण आहे, हा प्रश्न राहतोच.

डच-बेल्जियन गटाचा दुसरा एक अभ्यास आहे, तोही 2011 चाच. नऊशेहून अधिक पेशंट आणि दोनशेहून अधिक डॉक्टर यांना काल्पनिक केंद्रांच्या जोड्या दिल्या. एकात गर्भधारणेचं प्रमाण जास्त पण डॉक्टर तुसडा, दुसऱ्यात प्रमाण थोडं कमी पण डॉक्टर आपुलकीचा, आणि म्हणाले, निवडा. पेशंटांनी वागणुकीला जे वजन दिलं, ते डॉक्टरांनी दिलेल्या वजनापेक्षा जास्त निघालं. चांगल्या वागणुकीसाठी पेशंट यशाचे काही टक्के सोडायला तयार होते. डॉक्टरांना वाटतं, लोक आपल्याकडे बाळासाठी येतात, बाकी सगळं वरची सजावट.

हा निष्कर्ष आम्हाला पटतो, पण तो जसाच्या तसा आपल्याकडे आणायला आम्ही तयार नाही. कागदावर टक्के सोडणं एक, आणि दागिने मोडून आणलेल्या पैशांवर टक्के सोडणं वेगळं. आपल्याकडे विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत वंध्यत्वाचा उपचार आहे, त्यामुळे बहुतेक पॉलिसी तो नाकारू शकतात. खर्च खिशातून. अशा वेळी 'आमच्याकडे रिझल्ट आहेत' हे वाक्य कर्मचाऱ्याच्या तोंडी आपोआप रुग्णकेंद्री ठरतं, कारण पेशंटही तेच मागतो. पण जो एकच प्रयत्न परवडू शकतो, त्याला तर तो प्रयत्न कधी थांबवायचा, हे कुणीतरी समोर बसून स्पष्ट सांगणं जास्त गरजेचं. ते सांगायला यश कामी येत नाही, वागणूक कामी येते. पैसा असला की वागणुकीचं महत्त्व कमी होतं, हे गणित आम्हाला उलटं दिसतं.

इथपर्यंत आम्ही कर्मचाऱ्यांना बरंच ऐकवलं. आता त्यांच्या बाजूनं बोलायला हवं, कारण रुग्णकेंद्रिततेवरच्या लेखनात ही बाजू फार पातळ असते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या परिचारिकांच्या कामावर लिहिलं. हसणं, शांत राहणं, स्वतःच्या भावना दाबून दुसऱ्याच्या सांभाळणं हासुद्धा श्रम आहे, आणि तो पगारात मोजला जात नाही. आयव्हीएफ केंद्रातली नर्स किंवा समन्वयक एका दुपारी तीन फोन करते. दोन 'निगेटिव्ह', एक 'पॉझिटिव्ह'. एकीचं रडणं ऐकून फोन ठेवायचा आणि लगेच पुढच्या नंबरवर आवाजात आनंद आणायचा. वर्षानुवर्षं. तिला कुणी विचारतं का, की तुझ्याशी हे केंद्र कसं वागतं? वरून तिच्या हातात समाधानाचा फॉर्म दिला जातो: पेशंटनं किती स्टार दिले, त्यावर तुझं मूल्यमापन. मग ती स्वतःच्या सेवेबद्दल 'उत्तम' असं लिहिते. कुठल्या शाळेतला मुलगा आपल्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच्या हातानं 'नापास' लिहील?

म्हणून त्या 'उत्तम'मध्ये आम्हाला बढाईपेक्षा बचाव जास्त दिसतो. रोज दोन निगेटिव्ह फोन करणाऱ्या माणसाला आपण वाईट वागतो असंही मान्य करायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी कामावर येणं अवघड आहे. वेगळ्या वागण्याला मुभा, वेळ आणि माणसं मिळाल्याशिवाय चूक दिसणं परवडत नाही.

याला एक पुरावाही आहे, आणि तो त्याच डच गटाच्या पुढच्या कामात आहे. त्यांनी केंद्रांना त्यांचे गुण दाखवले, सुधारणेसाठी मदत दिली, पेशंटांनाही त्या प्रक्रियेत घेतलं, आणि रीतसर तुलना करण्यासाठी काही केंद्रं नियंत्रण म्हणून ठेवली. 2015 मध्ये निकाल आला: रुग्णकेंद्रिततेचे एकूण गुण अपेक्षेप्रमाणे वाढले नाहीत. हा निकाल प्रसिद्ध केला याबद्दल त्या गटाचं कौतुक करायला हवं, फसलेले प्रयोग छापायला धैर्य लागतं. पण आता 2011 च्या निबंधाचा निष्कर्ष पुन्हा वाचा. पेशंटला विचारा आणि कर्मचाऱ्यांना सांगा. विचारलं, सांगितलं, आणि फारसं हललं नाही. आमच्या वाचनात हे समजण्यासारखं आहे. उत्तरं मधल्या मोकळ्या जागेतून आलेली, आणि सुधारायला सांगितलं दहा मिनिटांच्या माणसांना.

आता आपल्या कायद्याकडे एकदा बघून थांबू. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा केंद्रांवर समुपदेशनाचं बंधन घालतो: यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम, जुळी-तिळी राहण्याचा धोका, हे सगळं सांगितलं पाहिजे. प्रत्येक केंद्रानं तक्रार निवारण कक्षही ठेवला पाहिजे. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. पण समुपदेशन ही पुन्हा केंद्राच्या हजेरीतली, सही घेऊन संपणारी गोष्ट, आणि तक्रार कक्षाला तक्रार करणारा पेशंट लागतो. यायची थांबलेली बाई तिथं अर्ज द्यायला येणार नाही.

तेव्हा कुणी आयव्हीएफ केंद्रात कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मताचा अभ्यास करणार असेल, आणि आजच्या श्रोत्यांत समाजकार्याचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी आहेत हे नावनोंदणीवरून दिसतंय, तर त्यांना आमची एक सूचना. 'तुम्ही पेशंटशी कसं वागता?' हा प्रश्न वगळा, त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात निगेटिव्हचे फोन किती गेले? कुणी केले? केले तेव्हा तुमच्याजवळ आणखी कोण होतं? त्यातल्या किती जणींना आठवड्यानं पुन्हा फोन केला? आणि तो दुसरा फोन करायचं काम तुमच्या केंद्रात नेमकं कुणाच्या ड्यूटीत लिहिलेलं आहे?